शब्दचर्चा: वेठीचा हेर, हौशी हेर आणि फितुरीचं सोंग

प्रश्नकर्ती, पुणे

आमचं एक छोटं चित्रपट मंडळ आहे. पुढच्या महिन्यात 'द काउंटरफिट ट्रेटर' दाखवतोय. 1962 चा, जॉर्ज सीटनचा, विल्यम होल्डन आणि लिली पामर असलेला. प्रेक्षकांच्या हातात द्यायचं एक पानी मराठी टिपण माझ्या गळ्यात पडलंय आणि दोन जागी गाडी अडली आहे.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. एरिक एरिक्सन हा खरोखरचा माणूस. जन्म अमेरिकेतला, ब्रुकलिनचा. पुढे स्वीडनचा नागरिक झाला. धंदा खनिज तेलाचा. युद्धात स्वीडन तटस्थ, त्यामुळे हा जर्मनीशीही व्यवहार करत राहतो आणि त्यापायी मित्रराष्ट्रांच्या काळ्या यादीत जातो. चित्रपटात कॉलिन्स नावाचा इंग्रज अधिकारी येऊन त्याला सांगतो, की आमच्यासाठी हेरगिरी कर, युद्ध संपलं की तुझं नाव यादीतून काढू. हा ना देशप्रेमाने पेटलेला, ना साहसाची खाज असलेला. धंदा वाचवायचा म्हणून अडकतो. मग नाझींना विश्वास वाटावा म्हणून नाझीधार्जिणा असल्याचं नाटक सुरू होतं. ज्यू मित्र तुटतो, बायको सोडून जाते, स्टॉकहोममध्ये लोक तोंड फिरवतात.

माझे प्रश्न:

'रिलक्टंट हीरो'ला मराठीत काय म्हणायचं? 'अनिच्छुक नायक' लिहिलं आणि स्वतःच हसले. आपल्याकडे 'इच्छुक' म्हणजे तिकिटासाठी रांगेत उभा असलेला उमेदवार. 'अनिच्छुक' म्हटलं की तिकीट नको म्हणणारा कोणी विलक्षण नगरसेवक डोळ्यांपुढे येतो.

आणि चित्रपटाच्या नावाचं काय करू? 'बनावट देशद्रोही' हे बनावट नोटा पकडल्याच्या बातमीसारखं वाटतं.

नागपूर

पहिल्या प्रश्नाला आपल्या रंगभूमीनं कधीच उत्तर देऊन ठेवलंय. हरिभाऊ आपट्यांनी मोलिएरच्या नाटकाचं रूपांतर केलं, त्याचं नाव 'मारून मुटकून वैद्यबुवा'. फ्रेंच नावाचा अर्थच 'स्वतःच्या मनाविरुद्ध झालेला वैद्य'. मग 'मारून मुटकून हेर' का नको?

प्रश्नकर्ती, पुणे

शब्द झकास आहे, पण तो ऐकताच प्रेक्षक हसायला बसतील. या चित्रपटात बर्लिनच्या मोआबित तुरुंगात मारियानाला, म्हणजे एरिक्सनच्या साथीदार हेर बाईला, गोळ्या घालतात आणि हे एरिक्सनला कोठडीच्या खिडकीतून बघावं लागतं. 'मारून मुटकून' तिथे चालणार नाही. 'बळंच घोड्यावर बसवलेला' याचीही तीच गत, त्यात लग्नाची वरात दिसते.

ठाणे

एक भर. याला कोणी 'दुहेरी हेर' म्हणू नये. बऱ्याच ठिकाणी तसं म्हटलेलं दिसतं. दुहेरी हेर दोन्हीकडे रुजू असतो. एरिक्सन एकाच बाजूचा आहे, दुसऱ्या बाजूला फक्त तो आपला वाटतोय.

दुहेरी हेराला कौटिल्याने फार नेमका शब्द ठेवलाय: उभयवेतन. दोन्हीकडून पगार खाणारा. पण तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने गंमत पुढे आहे. हे उभयवेतन कसे तयार करावेत, तर 'गृहीतपुत्रदारांश्च'. म्हणजे त्यांची बायकामुलं आधी आपल्या ताब्यात घ्यावीत. हेर राजीखुशीने काम करतो असा अर्थशास्त्राचा भाबडा समज मुळीच नाही.

अजून एक. त्याच ग्रंथात हेरांचे प्रकार सांगताना 'वैदेहकव्यंजन' येतो, म्हणजे व्यापाऱ्याच्या वेषातला. तो कोण असावा? 'वाणिजको वृत्तिक्षीणः', धंदा बसलेला वाणी. काळ्या यादीत गेलेला तेलाचा व्यापारी यात कसा चपखल बसतो बघा. कॉलिन्सने अर्थशास्त्र वाचलं नसेल, पण माणूस कुठे चिमटीत सापडतो हे दोघांना सारखंच ठाऊक होतं.

कोल्हापूर

ताई, 'हेर' शब्दाकडे आधी बघा, मग त्याचं विशेषण शोधा.

हेर हा 'हेरणे'मधला. बाजारात म्हैस हेरतात, पोरगी बघायला गेलेली मावशी घरातलं सगळं हेरून येते. नीट बघणं, पारखून ठेवणं एवढाच अर्थ. त्यात लपणं नाही, सोंग नाही. म्हणून आपण 'गुप्त' जोडून 'गुप्तहेर' केला. एरवी उघडा हेर कुठं असतो?

'जासूद' वेगळा. अरबीतल्या जासूसवरनं आला. हिंदीत तो जासूसच राहिला, मराठीत जासूद झाला आणि त्याच्या कामात टपालही आलं. पेशवेकाळच्या पत्रांत जासूद म्हणजे बहुतेक वेळा पत्र घेऊन पळणारा माणूस. सभासद बखरीत बहिर्जीला जासूदच म्हटलंय, सुरतेची खबर आणणारा. खबऱ्या पोलिसांचा असतो. आणि वर्तमानपत्रात दुसऱ्या देशाचा हेर कधी 'हेर' नसतोच, तो 'हस्तक' असतो. आपला तो हेर, त्यांचा तो हस्तक!

या सगळ्यांत एरिक्सनला लागू पडणारा शब्द अमरकोशात आहे: यथार्हवर्ण. ज्या जागी जो रंग शोभेल तो घेणारा. टिपणात चालणार नाही हे खरंय, पण शब्द सुंदर आहे म्हणून सांगितला.

आता विशेषण. माझ्या मते तुमचा शब्द 'वेठ'. एरिक्सन हा वेठीचा हेर. वेठ आली संस्कृत विष्टीवरनं, सक्तीचं बिनमोबदला काम. तिला नंतर फारशी बिगार येऊन मिळाली आणि 'वेठबिगार' झाला. अर्थ एकच, दोन भाषांत दोनदा. माझे आजोबा सांगायचे, साहेबाचा मुक्काम हलला की गावच्या शिवेपर्यंत सामान वाहायचं, तिथं पुढच्या गावची माणसं उभी असायची. 'शीव आली की वेठ सुटली' हे त्यांचं पालुपद. इकडं कॉलिन्स तेच म्हणतोय: युद्ध संपलं की तू सुटलास.

प्रश्नकर्ती, पुणे

'वेठीचा हेर' मनात बसला. 'वेठीस धरणे' तर सगळ्यांच्याच तोंडी आहे. संपाने प्रवाशांना वेठीस धरलं, पावसाने धरलं. वाचणाऱ्याला समजावून सांगायची गरज नाही.

सोलापूर

जरा थांबा.

'वेठ' सहज उचलू नका. कोल्हापूरकरांच्या आजोबांनी सामान वाहिलं असेल, पण ही वेठ गावात सगळ्यांच्या वाट्याला सारखी आली नव्हती. ती जातीने ठरलेली होती. महार वतन म्हणजे अष्टौप्रहर वेठच होती. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती मागणारं विधेयक आणलं, ते याच्याविरुद्ध. त्या माणसांपुढे 'नाही म्हणून बघ' असला पर्यायच नव्हता. आणि शीव आली तरी त्यांची वेठ सुटत नव्हती, ती बापाकडून पोराकडे यायची.

एरिक्सन कोण? युद्ध चालू असताना दोन्हीकडे तेल विकून पैसे करणारा धनिक. त्याची नड त्याने स्वतः ओढवून घेतलेली. तो कात्रीत सापडला म्हणा, कोंडीत पकडला म्हणा, पेचात आला म्हणा. वेठ म्हणू नका. पावसाने वेठीस धरणं मलाही खटकतं, पण ते आता हाताबाहेर गेलंय.

कोल्हापूर

मान्य. आजोबांच्या गोष्टीत सामान कोण उचलायचं आणि 'उचला' कोण म्हणायचं, हे मी कधी विचारलंच नव्हतं. ते पाटलाच्या घरचे होते.

मडगाव

दोन गोष्टी सांगते, दोन्ही गोव्याच्या.

पहिली 'तटस्थ' शब्दाबद्दल. तटावर उभा असलेला तो तटस्थ. पूर आलाय, लोक वाहून चाललेत आणि हा काठावर. दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ, म्हणून गोवाही तटस्थ. मुरगाव बंदरात जर्मन जहाजं आसऱ्याला नांगरून होती. त्यातल्या 'एरेनफेल्स'वरून चोरट्या बिनतारी यंत्राने मित्रराष्ट्रांच्या बोटींचा ठावठिकाणा जर्मन पाणबुड्यांना कळवला जात होता. तटस्थ बंदरात उघड हल्ला करता येईना. म्हणून मार्च 1943 मध्ये ब्रिटिशांनी कलकत्ता लाइट हॉर्स या स्वयंसेवी घोडदळ पलटणीतली पोट सुटलेली, केस पिकलेली मंडळी एका जुनाट बार्जमधून पाठवली. जर्मनांनी आपली जहाजं स्वतःच पेटवून बुडवली. यावर 1980 मध्ये 'द सी वुल्व्ज' निघाला, ग्रेगरी पेक आणि रॉजर मूरचा. चित्रीकरणही गोव्यात झालं.

हे इथे सांगायचं कारण असं, की ती कलकत्त्याची मंडळी एरिक्सनच्या नेमकी उलट. त्यांना युद्धात कोणी घेत नव्हतं आणि यांना जायचं होतं. ते हौशी. मराठीतला 'हौशी' इथे दोन्ही अर्थांनी लागतो, हौसेने आलेला आणि धंदेवाईक नसलेला. एरिक्सनही धंदेवाईक हेर नाही, पण त्याला हौशी म्हणता येईल का? जीभ रेटत नाही. तेव्हा तुमच्या शब्दात 'हौस नसलेला' एवढं तरी यायला हवं.

दुसरी गोष्ट. चित्रपटात मारियाना चर्चमध्ये जाते तो प्रसंग तुम्ही टिपणात घेणार असाल, तर तिथे 'कबुलीजबाब' लिहू नका. कबुलीजबाब पोलीस घेतात. आमच्याकडे त्याला 'कुमसार' म्हणतात, पोर्तुगीजांबरोबर आलेला शब्द. जाळीपलीकडे पाद्री, अलीकडे गुडघ्यावर माणूस, आणि बोललेलं तिथेच राहणार याची खात्री. ही खात्री नसेल तर तो कुमसार नव्हेच.

प्रश्नकर्ती, पुणे

अहो, हे फार मोलाचं झालं! मी 'कबुलीजबाब'च लिहिलं होतं.

तो प्रसंग असा आहे. मारियाना श्रद्धाळू कॅथलिक. हिटलरविरुद्ध हेरगिरी ती धर्म म्हणूनच करते. पण तिने पोहोचवलेल्या माहितीवरून बॉम्ब पडतात, निरपराध माणसं मरतात आणि ते तिला सोसवत नाही. मन मोकळं करायला ती चर्चमध्ये जाते. जाळीपलीकडे त्या दिवशी पाद्री नाही, गेस्टापोचा, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांचा, माणूस बसलाय. तिला ते माहीत नाही.

म्हणजे ती कुमसाराला गेली आणि तिचा कबुलीजबाब घेतला गेला. दोन्ही शब्द लागतील, याच क्रमाने.

ठाणे

हे वाक्य टिपणात जसंच्या तसं ठेवा.

आता नावाकडे वळू या. 'गद्दार' नको. गेल्या काही वर्षांत सभांमधून तो इतका घासला गेलाय की त्याची धारच गेली. 'देशद्रोही' कायद्याच्या पोशाखात येतो, आणि एरिक्सनचा नक्की देश कोणता, तिथून वाद सुरू होईल. 'फितूर' घ्या. त्यात फितवणारा गृहीत आहे. कोणीतरी फितवतं, मग कोणीतरी फितूर होतं. कोर्टात साक्षीदार फितूर होतो तो काही घरी बसून आपोआप होत नाही. स्टॉकहोमच्या लोकांना एरिक्सन तसाच दिसतोय, जर्मन पैशाने फितवलेला.

नागपूर

मग 'तोतया फितूर'? तोतया पोलीस, तोतया डॉक्टर, तसा.

ठाणे

माझ्याही मनात आला होता, पण टिकत नाही. तोतया नेहमी वर चढतो. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया निघाला, तो भाऊसाहेब झाला, कोणी शागीर्द झाला नाही. 1776 मध्ये त्याला देहांत शिक्षा झाली, इतकं ते प्रकरण वाढलं होतं. तोतया पोलीस हवालदारसुद्धा सहसा होत नाही, थेट साहेब होतो. स्वतःचं नाव घालवायला कोण तोतया होईल? एरिक्सन आपल्याच नावाने, आपल्याच गावात, आपल्याच ओळखीच्यांसमोर वाईट ठरतोय. याला मराठीत 'सोंग' म्हणतात. 'फितुरीचं सोंग'.

नागपूर

घ्या! सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. हा तर पैशाचंही सोंग आणतोय. स्वीडनमध्ये तेलशुद्धीकरणाचा कारखाना काढतो असं जर्मनांना सांगतो, आणि त्या निमित्ताने त्यांचे कारखाने आतून बघून घेतो.

सोलापूर

आणि ते कारखाने म्हणजेच युद्धाची नस. जर्मनीकडे जमिनीतलं तेल फारसं नव्हतं, कोळशापासून पेट्रोल बनवत होते. मे 1944 मध्ये अमेरिकन विमानांनी लॉयनासारख्या कारखान्यांवर बॉम्ब टाकायला सुरुवात केली आणि विमानांच्या इंधनाचे वांधे झाले. कुठला कारखाना बंद पडला, कुठला डागडुजी करून पुन्हा चालू झाला, हे आत जाऊन पाहणारा माणूस लागत होता. कोल्हापूरकर म्हणाले तसं, हेरणारा. या चित्रपटात पिस्तुलापेक्षा नजर जास्त कामाला येते, म्हणून मला तो आवडतो.

प्रश्नकर्ती, पुणे

नाव ठरलं: 'फितुरीचं सोंग'. मूळ नावात खोट्या नाण्याचा जो खण्ण आवाज आहे तो गेला, पण नाइलाज आहे. (हा 'नाइलाज'ही बघा. इलाज नाही, औषध नाही. आपण तो पाहुण्याकडे उठून जाण्यापुरता वापरतो.)

पहिला प्रश्न मात्र तसाच राहिला. वेठ जड, मारून मुटकून हलका, कात्री-कोंडी सगळ्या बातम्यांमध्ये. माझ्या सासूबाई म्हणाल्या, सुरुवात कशीही झाली असू दे, पुढे तो टाकत नाही ना, मग 'वसा' म्हण. उतू नको, मातू नको, घेतला वसा टाकू नको. पण मग बर्लिनमध्ये श्रावणातला शुक्रवार होईल.

मडगाव

सासूबाईंना कळलंय मात्र! मारियानाच्या मरणानंतर कॉलिन्सची यादी कुठे उरते? त्याला परत जायला कोणी सांगत नसतं, तरी त्याचं पाऊल मागे येत नाही. सुरुवातीचा माणूस आणि नंतरचा माणूस एका विशेषणात कसा मावेल?

कोल्हापूर

ताई, विशेषण शोधणंच चुकतंय असं आता वाटायला लागलंय. इंग्रजीला ते विशेषणात सांगावं लागतं. आपण क्रियापदात सांगतो, दिवसभर सांगतो आणि लक्षातही येत नाही.

'तो हेर झाला.' त्याची मर्जी असेल, नसेल, वाक्य काही बोलत नाही.

'त्याला हेर व्हावं लागलं.' कर्ताच बदलला की नाही? 'तो'चा 'त्याला' झाला. माणूस वाक्याच्या गादीवरनं उठून कोपऱ्यात गेला, नड येऊन गादीवर बसली. याहून वेगळी नाखुशी ती काय दाखवायची?

'तो हेर होऊन बसला.' हे बसणं तर मराठीचं खास. पैसे हरवून बसला, नको ते बोलून बसला, गावाशी वैर करून बसला. करायचं नव्हतं, झालं आणि आता निस्तरा. बायको गेली, मित्र गेला, हा फितूर ठरून बसला.

आमच्या घरात आई म्हणते, 'पाटलीण झाले' नव्हे, 'पाटलीण व्हावं लागलं'. तेवढ्यात सगळं येतं. आता कळतंय की आजोबांच्या गोष्टीतल्या त्या बिननावाच्या माणसांचं वाक्यही असंच असणार, फक्त ते आमच्या घरात कोणी म्हटलं नाही.

सोलापूर

हे पटलं. मारियानाबद्दलही हेच. ती हेर झाली. तिच्या वाक्यात 'लागलं' नाही. म्हणूनच ती मोडते तेव्हा जास्त लागतं.

ठाणे

सोलापूरकर, 'लागलं'वर श्लेष केलात.

सोलापूर

होऊन बसला.

प्रश्नकर्ती, पुणे

टिपणाचा पहिला परिच्छेद खाली देते. शुद्धलेखन बघा, बाकी आता हात लावत नाही.

'फितुरीचं सोंग. 1942. एरिक एरिक्सन तेलाचा व्यापारी, तटस्थ देशातला आणि स्वतःही तटस्थ. त्याला हेर व्हावं लागलं. त्यासाठी चारचौघांत फितूर ठरावं लागलं. मग बर्लिनमध्ये मारियाना भेटली. ती कुमसाराला गेली आणि तिचा कबुलीजबाब घेतला गेला. त्यानंतर तो हेर झाला.'

'कुमसार'पुढे कंस टाकून अर्थ द्यावा का, असं मंडळात विचारलं गेलं. मी नको म्हटलं. प्रसंग पडद्यावर येईल तेव्हा कळेलच.

मडगाव

'फितुरीचं'वरचा अनुस्वार तेवढा छापखान्यात राहील ना, पाहा.